पोलीस केस नसली तरी शवविच्छेदन करता येते

महोदय,

चार दिवस आयसीयूत राहून घरचा माणूस जातो आणि कागदावर कारण येते, 'हृदयक्रिया बंद पडली'. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे पडले, हे कळण्याचा घरच्यांना हक्क आहे.

अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पोलीस पंचनामा करतात. तिथे नातेवाइकांची संमती विचारली जात नाही. आजाराने रुग्णालयात मृत्यू झाला असेल, तर मात्र जवळच्या वारसाच्या लेखी संमतीने 'पॅथॉलॉजिकल पोस्टमॉर्टेम', म्हणजे आजार शोधण्यासाठीचे शवविच्छेदन, होऊ शकते. खासगी लॅब ते सहसा करत नाहीत. मेडिकल कॉलेजचा पॅथॉलॉजी विभाग करतो. बाहेरून आणलेले शव सगळीकडे घेत नाहीत, म्हणून गाडी निघण्याआधी विभागात फोन करावा. सोबत केसपेपर, तपासण्या आणि आपले प्रश्न एका कागदावर लिहून द्यावेत. 'ताप कशाचा होता?' हा प्रश्न आधी कळला, तर कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) वेळेत घेतले जाते.

सर्वांत मोठी चूक एम्बामिंगची, म्हणजे शव टिकवण्यासाठी त्यात फॉर्मलिन हे रसायन भरण्याची. गावी न्यायचे म्हणून ते आधी उरकतात. फॉर्मलिन रक्तवाहिन्यांत गेले की जंतूंचे कल्चर होत नाही आणि विषतपासणीही बिघडते. शव ४ अंशांवर ठेवावे, गोठवू मात्र नये. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात.

संमती फक्त हृदयापुरती किंवा मेंदूपुरतीही देता येते. अवयव ठेवून घेण्याची परवानगी मात्र नीट वाचून द्यावी. मेंदू इतका मऊ असतो की १० टक्के फॉर्मलिनमध्ये साधारण दोन आठवडे घट्ट झाल्यावरच त्याचे नीट काप निघतात. डोक्यावरची शिवण केसांत झाकली जाते, चेहरा तसाच राहतो. अंत्यविधी बहुधा त्याच दिवशी होतो. अंतिम अहवालाला काही आठवडे लागतात.

तरुण माणूस अचानक गेला आणि केस पोलिसांकडे असली, तरी डॉक्टरांना विनंती करावी की हृदय सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी फॉर्मलिनमध्ये ठेवा. व्हिसेरा (विषतपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, तो या तपासणीला चालत नाही. जनुकीय तपासणीसाठी थोडे रक्त ईडीटीए नळीतही (रक्त गोठू न देणाऱ्या) मागावे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार निघाला, तर प्रत्येक मुलात त्याचा जनुकीय दोष येण्याची शक्यता सहसा ५० टक्के असते. भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी व टूडी इको लगेच करता येतो.

संमतीपत्राचा मराठी नमुना प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने आयसीयूतच ठेवावा आणि शव ताब्यात देण्याआधी घरच्यांना विचारावे.

– एक पॅथॉलॉजिस्ट, पुणे