‘ट्रिंकोमाली’च्या मॉडेलला पॉलिश कोणतं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘ट्रिंकोमाली’ या जुन्या जहाजाच्या लाकडी मॉडेलला कोणतं पॉलिश लावू, असं तू विचारलंस. नुसतं पॉलिशचं नाव सांगून भागायचं नाही. लाकूड, गोंद, खुंटी (फळी पक्की करणारा लाकडी खिळा) आणि पॉलिश ही चारही एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून चाचणीही चौघांची एकत्रच घ्यायला हवी. कोऱ्या लाकडाच्या तुकड्यावर पॉलिशचा हात मारून पाहिलास तर ते सुंदरच दिसेल. तू फसशील ते मॉडेलच्या खऱ्या डेकवर (जहाजाच्या फळ्यांच्या मजल्यावर), गोंदाच्या डागापाशी.

आधी लाकूड. खरं जहाज सागाचं आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते मुंबईच्या गोदीत बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलं, आणि आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. म्हणून मॉडेलही सागाचंच करावं असा मोह होणारच. तो आवर. सागाची मोठी छिद्रं ०.३ मि.मी.पर्यंत असतात. तू १:६४ प्रमाण घेतलंयस, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढं; त्या हिशेबाने तसं एक छिद्र खऱ्या जहाजावरच्या जवळपास दोन सेंटिमीटरच्या भोकाएवढं झालं! त्यातून सागातलं नैसर्गिक तेल गोंदाला धरू देत नाही आणि वरून लावलेलं तेल वाळू देत नाही. डेकला हेदूचं लाकूड घे. पिवळसर, बारीक पोताचा आणि गुळगुळीत तासला जाणारा. सागाचा रंग हवाच असेल तर त्याच्या दोन-चार पट्ट्या नमुन्यात जरूर ठेव, पण गोंद लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घे आणि पंधरा मिनिटांच्या आत चिकटव.

नमुना असा कर. १० × १५ सें.मी.चा प्लायवूडचा तुकडा घे. त्यावर ४ मि.मी. रुंदीच्या फळ्या खऱ्या डेकसारख्याच बसव, कारण दहा इंची फळी १:६४ ला तेवढीच येते. खऱ्या डेकवर फळ्यांमधल्या फटी डांबराने बुजवलेल्या असतात, त्या रेघा दोन तऱ्हांनी काढ. अर्ध्या फळ्यांच्या कडा २बी पेन्सिलीने काळ्या कर, उरलेल्यांना काळा कागद लाव. कायमच्या शाईचा मार्कर वापरू नकोस. त्याची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि लाखेचा पहिला हात लागताच तंतूंमधून दोन्ही बाजूंना पसरते. पॉलिश होईपर्यंत रेघ ठणठणीत दिसते आणि नंतर फळी मळकट निळी-काळी होते. त्यावर घासण्याखेरीज इलाज नाही.

एका टोकाला मुद्दाम गोंद सांडून बोटाने पुसून ठेव. एक डाग पांढऱ्या गोंदाचा, एक सुपरग्लूचा. वाळल्यावर १८०, २४०, ३२० नंबरच्या सँडपेपरने या क्रमाने घास. ४०० च्या पुढे जाऊ नकोस, लाकूड इतकं गुळगुळीत होतं की पॉलिश आत शिरत नाही. मग त्यावर टर्पेंटाइनचा बोळा फिरव. ओल्या लाकडात गोंद फिकट चकत्यांसारखा लगेच उठून दिसेल. पॉलिशखाली नेमकं तेच दिसणार असतं, फक्त तेव्हा उशीर झालेला असतो. खऱ्या डेकवरही पहिल्या हाताआधी हा बोळा फिरवायचाच.

आता खुंट्या, आणि माझा सगळा जीव यांच्यातच आहे. दीड इंच जाडीची खुंटी १:६४ ला ०.६ मि.मी. होते. बांबूच्या कबाबकाड्या आण आणि गाठ टाळून उभ्या चिर. सालीकडचा घट्ट भाग ठेव, आतला भुसभुशीत टाकून दे. टोक काढून सोनार तार ओढतात त्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढ, पण काडी घालायची ती लहान तोंडाच्या बाजूने. सोनार मोठ्या तोंडाने घालतो, कारण त्याला धातू दाबायचा असतो. आपल्याला बांबू तासायचा आहे, आणि लहान तोंडाची कड तो तासते. एका वेळी ०.१ मि.मी.च उतर. एखादं भोक गाळलंस की काडी तुटलीच म्हणून समज.

खुंटीच्या भोकाला ०.६५ मि.मी.चा ड्रिल लाव. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने बांबू फुगतो, त्यामुळे ०.६ च्या भोकात खुंटी अर्ध्यावरच अडकते. फळीच्या टोकापासून १ मि.मी.पेक्षा जवळ भोक पाडलंस तर तड जाते. गोंद खुंटीच्या टोकाला लाव, भोकात नको. वाळल्यावर निपरने (छोट्या कापणीच्या पकडीने) काप, मग घास.

नमुन्यावर चार ओळी कर: बांबू, अक्रोड, तांब्याची तार, आणि नुसतं पुट्टीने भरलेलं भोक. तेल लावल्यावर भिंगातून बघ. खुंटीचं डोकं म्हणजे लाकडाचा आडवा छेद, तो तेल जास्त पितो आणि काळवंडतो. अक्रोडाच्या खुंट्यांनी डेकला गोवर आल्यासारखं दिसतं. पुट्टी तेल पीतच नाही, तिचे पांढरे ठिपके राहतात. तांबं पहिल्या दिवशी झकास दिसतं, पण तेल आणि मेण यांतल्या आम्लांनी त्याभोवती हळूहळू हिरवी कड चढते. बांबू शेजारच्या फळीपेक्षा जेमतेम एक छटा गडद होतो. डोळा जवळ नेला तरच खुंटी दिसावी, आणि ते बांबूनेच साधतं. लोखंडी टाचण्या तात्पुरत्यासुद्धा ओल्या गोंदात ठेवू नकोस. अक्रोडातल्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) लोखंड भिडलं की काळा डाग पडतो आणि तो खोल जातो.

पॉलिशचे तीन पट्टे पुरेत: मेणविरहित लाख, टंग तेल (टंगच्या बियांचं वाळणारं तेल), पाण्यातलं व्हार्निश. लाख ५० मि.ली. स्पिरिटला ६ ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजव आणि मलमलमधून गाळ. एवढी पातळ लाख ब्रशची रेघ सोडत नाही. दोन हात दे, मध्ये ४०० ने हलकं घास. बाटलीवर तारीख लिही. सहा महिन्यांवरची लाख काचेवर थेंब टाकून तपास, दुसऱ्या दिवशी नखाने खूण उमटली तर फेकून दे. जुलैत तुझ्याकडे हवा दमट असते. तेव्हा लाखेवर पांढरी साय धरते, कारण स्पिरिट उडताना थंडावा येतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरडा दिवस बघूनच हात लाव. पाण्यातल्या व्हार्निशने फळीचे तंतू उभे राहतात आणि एवढ्या लहान प्रमाणात ते केसांसारखे दिसतात. मी लाखेलाच मत देईन. खरवडलेला डाग त्याच लाखेच्या एका हाताने जुळून येतो, ही सोय पाण्यातल्या व्हार्निशात नाही.

नमुना अर्धा चांदीच्या कागदाने झाकून महिनाभर खिडकीत ठेव. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरलास की कोण किती पिवळं पडतं ते कळेल. मगच खऱ्या डेकला हात घाल.

आणि तेलाचा पट्टा करशील तेव्हा वापरलेली चिंधी चुरगळून डब्यात टाकू नकोस. वाळणारं तेल स्वतःच तापतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटते. पाण्यात बुडव, किंवा बाहेर उघड्यावर पसरून पूर्ण वाळव.

तुझा मित्र