रेडिएटर घेण्याआधी

जळगाव

प्रिय आप्पा,

तुझं पत्र मिळालं. घरचं दोन ओळींत उरकलंस आणि रेडिएटरवर पानंच्या पानं भरलीस, तेव्हा जीव कुठे अडकलाय ते कळलं. बरं शे ना भाऊ?

पन्नास मिलीमीटर जाडीचा तो चकचकीत ऑल-अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर घेऊ का, असं विचारतोस. आत्ता तरी घेऊ नकोस. तूच लिहिलंयस की बिजासन घाटात ट्रकांच्या मागे एसी लावून रांगत असताना तापमानाचा काटा चढतो आणि सेंधव्याकडे रस्ता मोकळा झाला की उतरतो. म्हणजे रेडिएटरची जाळी लहान पडत नाहीये, तिच्यातून हवा जात नाहीये. शिरपूर-धुळे पट्ट्यात गाडी दामटताना ती तापली असती, तर गोष्ट वेगळी होती. रांगताना सगळा भार फॅनवर असतो, आणि जाड जाळीतून हवा ओढणं फॅनला आणखी जड जातं. पैसे घालून घाटातला त्रास वाढवून घेशील.

त्या काट्यावरही फार विसंबू नकोस. या स्कोडा-फोक्सवॅगन गाड्यांमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) साधारण पंचाहत्तर ते एकशेपाच अंशांत कुठेही असलं, तरी काटा ९० वर गुमान बसून असतो. तो हलला म्हणजे पाणी कधीचंच तापलेलं. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं ओबीडीचं छोटं यंत्र लाव, खरा आकडा मोबाइलवर बघ. घाटात किती, सपाटीला किती, एसी बंद केल्यावर किती, हे लिहून ठेव.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेबही गाड्यांची ताकद वाढवून देणारे पुण्या-मुंबईचे ट्यूनर धरत नाहीत. रेडिएटर किती उष्णता फेकणार ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ ला आणि हवा २५ ला, तर फरक ७० चा. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ ला, म्हणजे हाती उरले ५०. तोच रेडिएटर, तोच फॅन, आणि ताकद तीस टक्क्यांच्या आसपास घटलेली. त्यातून समोरचा एसीचा कंडेन्सर आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आपापली उष्णता त्याच हवेत सोडतात, म्हणजे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा ४५ चीही राहत नाही.

आता कापसाचं. आमच्या इथल्या एका ऑक्टाव्हियाचा बंपर काढला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कंडेन्सर समोरून अगदी स्वच्छ. पण मागच्या फटीत बॅटरी मारून पाहिलं तर खालच्या तिसऱ्या भागात करड्या तंतूंचा थर, त्यात भुसा आणि किड्यांचे पंख. मेकॅनिकने चिमटीत धरून ओढलं तर पट्टीच्या पट्टी सलग निघाली. जिनिंगच्या हंगामात कापसाच्या गाड्यांमागे फिरल्यावर दुसरं काय होणार! तू आधी हे उघडून बघ. इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवायला सांग. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळ आणू देऊ नकोस, जाळीच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, आडव्या होतात. फॅन हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हेने फिरतो का आणि जाळ्यांच्या कडेचा फोम जागेवर आहे का, तेही बघून घे. फटी राहिल्या की हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते.

एवढं करून मोठा आयएस ३८ टर्बो बसवून साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या पुढे जायचंच असेल, तर मग नवा रेडिएटर घे, माझी ना नाही. मात्र जाडी मूळच्यापेक्षा थोडीच जास्त ठेव, आणि मूळ फॅन त्याच्या श्राउडसकट (भोवतीच्या आवरणासकट) मूळ जागीच बसला पाहिजे. श्राउड काढून नुसता फॅन चिकटवणाऱ्याच्या नादी लागू नकोस. फिन्स फार दाट नकोत, आपल्या धुळीत आणि कापसात त्या लवकर चोंदतात. कोअर, म्हणजे मधली जाळी, ब्रेझ केलेला (धातूने डाखलेला) असावा आणि कडेच्या टाक्या टिग वेल्डिंगने जोडलेल्या. सांध्यावर एपॉक्सीची चिकट लुकण थापलेली दिसली की माल परत. मिशिमोटो, सीएसएफ, कोयोरॅड ही या धंद्यातली जुनी नावं, पण तुझ्या मॉडेलला नेमका बसणारा नग त्यांच्याकडे आहे का, हे पार्ट नंबरावरूनच ठरव. ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणारा तर फुकटसुद्धा नको. टर्बो बदलणार नसशील, तर माहले, व्हॅलिओ किंवा निसेन्सचा मूळ मापाचाच पुरे.

अजिंठा चौफुलीवरचे आपले रेडिएटरवाले तांब्या-पितळेचा करून देतो म्हणतील. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, पण वजन वाढतं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद घेता येत असल्याने तो फायदा बराचसा बुजतो. ट्रॅक्टरला ठीक आहे.

आणि एक. तुझ्या गाडीत इंजिन ऑइल आणि डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, दोन्ही याच कूलंटवर थंड होतात. जोरात चालवण्याचा नाद असेल तर ऑइलला वेगळा कूलर दे. रेडिएटर दहा मिलीमीटरने जाड करण्यापेक्षा मी त्यावर पैसे घालीन.

बोअरचं पाणी टाकीत घालू नकोस, आपल्या क्षारांनी नळ्या आतून बुजतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आण. आपल्याकडे गोठायची भीती नाही, तरी पाण्यातलं कूलंटचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली नेऊ नकोस, गंज तेच रोखतं आणि पंपही तेच सांभाळतं. जास्त प्रेशरचं झाकणही लावू नकोस. उकळायचा बिंदू वाढतो हे खरं, पण पाइप आणि प्लास्टिकच्या टाक्यांवर ताण येतो.

बंपर काढलास की दोन जाळ्यांमधल्या फटीचा फोटो पाठव, ओबीडीचे आकडेही. ते बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना