पणजोबांचं नाव धोंडू होतं, त्यात लाजायचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाचीच्या मुलीच्या बारशाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे मोबाईलवर नावं शोधत बसले होते, एका साइटवर एक अर्थ, दुसरीवर भलताच. बोलता बोलता कोणीतरी माझ्या पणजोबांचं नाव काढलं, धोंडू, आणि पोरं खो खो हसायला लागली. वंशावळीच्या चार्टवर ते बदलून काहीतरी बरं नाव घालूया असंही एकजण म्हणाला. मला ते फार लागलं, म्हणून हे पत्र लिहितोय.

पणजोबांच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली होती. चौथा झाला तेव्हा आईने त्याला धोंडू म्हटलं, कारण धोंडा कोणाला हवासा वाटत नाही, त्याला दृष्ट लागत नाही, मरणही त्याच्या वाटेला जात नाही. दगडू, केरू, भिकू ही नावं त्याच काळजीतून आली. आणि हे फक्त आपल्याकडेच असंही नाही, चीनमध्ये खेड्यापाड्यांत पोराला चक्क 'कुत्र्याने उरवलेलं' अशा अर्थाचं नाव ठेवायचे, थायलंडमध्येही भुताखेतांनी मूल नेऊ नये म्हणून त्याला डुक्कर, बेडूक असलं टोपणनाव द्यायची रीत. आई कुठलीही असो, भीती तीच.

त्यावेळी शेजारचे पेद्रू अंकल आमच्याकडेच बसले होते, त्यांच्या नावाला मात्र कोणी हसलं नाही. पण पेद्रू म्हणजे दगडच की! मूळ ग्रीक पेत्रोस, म्हणजे खडक. येशूने सिमोनला हे नाव दिलं आणि या खडकावर मी माझी चर्च बांधीन म्हणाला. हे मी सांगितलं तेव्हा अंकल जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तुजो पणजो आनी हांव एकाच नांवाचे."

गोव्यात तर असं पावलोपावली सापडतं. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं, झेवियर हे नाव त्यांच्या जन्माच्या किल्ल्यावरून आलं, आणि बास्क भाषेत त्याचा अर्थ नवं घर, आपल्याकडे नवघरे आडनाव असतं ना तसंच. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. आपण बापाचं नाव मधे लावतो, त्यांनी ते शेवटी लावलं एवढंच. पेरेरा म्हणजे नाशपातीचं झाड. आपली आडनावं गावावरून, बोरीचे बोरकर, मांद्र्याचे मांद्रेकर, आणि मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतलं ते तर सगळ्यांना माहीत आहे. दुमिंग या नावात रविवार आहे, घानात शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, कोफी अन्नान यांचं नाव तेच, आणि आमच्या वाड्यावरचे जुने सोमा नि बुधो पण वारावरूनच.

दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. पोर्तुगीज दाखल्यांवर शांताराम एक्सने सुरू होतो, कारण पोर्तुगीजमध्ये एक्सचा उच्चार श होतो. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर तसंच होतं आणि एका कार्यालयात ते नाव 'झांताराम' असं टाइप करून दिलं, दुरुस्तीला मला किती खेपा माराव्या लागल्या ते मलाच ठाऊक. नाव बदलायचं असेल तर 1990 चा गोव्याचा कायदा आहे, ज्याला खरंच गरज आहे त्याने जरूर बदलावं. पण नुसती लाज वाटते म्हणून अर्ज करणार असाल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे नाव कोणी ठेवलं नि का. ती माणसं आता थोडीच उरलीत.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी आपल्या घरातल्या जुन्या नावांची हकीकत पाठवावी म्हणून थोडी जागा द्याल का? आठवड्याला एक नाव छापलंत तरी पुरे. पहिलं मी पाठवतो. आमच्या चार्टवर तर त्या रात्रीच मी पेनाने ठळक अक्षरात धोंडू लिहून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, फोंडा