पेनड्राइव्ह ठेवून गेलात, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पत्र कुणाला आहे ते वाचताना तुम्हाला कळेलच.

अण्णांचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्यात त्यांच्या आठवणींच्या दोनशेच्या वर फायली होत्या. नऊ वर्षं, एका बोटाने टाइप केलेल्या. त्यातलं जुनं विंडोज एक्सपी सुरूच होईना. तुमच्याआधी तिघांनी तो पाहिला. पाहिला म्हणजे काय, पहिल्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. "एक जीबी रॅम? भंगार आहे हो हे." दुसऱ्याने फॉरमॅट हाच एक इलाज सांगितला, आणि आतल्या फायलींचं काय, असं विचारल्यावर खांदे उडवले. तिसरे आमचे नातलगच. "जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार?" हे त्यांचं निदान. अण्णा काही बोलले नाहीत. लॅपटॉपवर एक रुमाल टाकून ठेवला, बस. तो रुमाल आठवला की मला अजून त्या तिघांचा राग येतो.

तुम्ही आलात आणि मला काही न विचारता थेट अण्णांच्या शेजारी बसलात. पेनड्राइव्ह लावलात. 'पपी लिनक्स' हे नाव ऐकून अण्णा म्हणाले, "कुत्र्याचं पिल्लू?" तर तुम्ही त्यांना ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांची गोष्ट सांगितलीत. विंडोजच्या जागी संगणक चालवणारी ही प्रणाली त्यांनी 2003 मध्ये काढली आणि नाव दिलं ते आपल्या चिमुकल्या चिवावा कुत्र्याचं. अख्खी प्रणाली छोट्याशा पेनड्राइव्हवर मावते, सुरू होताना रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, जाऊन बसते आणि तुम्ही सांगेपर्यंत हार्ड डिस्कवर काही लिहीत नाही. मशीन पहिल्यांदा बंद करताना तर विचारते, आजचं काम जपून ठेवू का? अण्णांना हे फार आवडलं. "विचारतं तरी," म्हणाले. टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

डिस्कचं चित्र खाली दिसलं, त्यावर टिचकी मारली आणि फोल्डर उघडला. सगळ्या फायली जागच्या जागी. पण पहिली फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी! अण्णांनी चष्मा काढून ठेवला. मलाही वाटलं, गेलं सगळं. तुम्ही मात्र हसलात. "फाइल धडधाकट आहे, अण्णा. फक्त फॉन्ट नाहीये."

युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखेच चालणारे अक्षरांचे संकेत. त्याच्या आधीच्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे मुखवटाच. आत रोमन अक्षरांचेच संकेत, वर देवनागरीचा चेहरा. फॉन्ट गेला की चेहरा गेला. मेलेल्या एक्सपीच्या फॉन्टच्या फोल्डरमधून तुम्ही तो शोधून काढलात, पपीत टाकलात, फाइल पुन्हा उघडलीत. 'माझी आई पहाटे' ही पहिली ओळ दिसली आणि अण्णा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पण मला लिहायचंय ते याच्या पुढचं. फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतलीत तेव्हा तोच फॉन्ट तुम्ही त्यांच्या शेजारी ठेवलात. वर 'आधी हे वाचा' नावाची एक छोटी फाइल, युनिकोडमध्ये: "हा फॉन्ट आधी टाका, मग बाकीच्या फायली उघडा." कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही केलंय हेही तुम्ही बोलला नाहीत. मला ती फाइल चार दिवसांनी सापडली. अण्णांच्या माघारी, अजून वीस वर्षांनी कुणी नातवंड ही पानं उघडायला बसेल, त्याचा विचार तुम्ही केला होतात. तो आमच्याही डोक्यात आला नव्हता.

हुशार माणसं खूप भेटतात हो. आपण निघून गेल्यावर मागच्याचं अडणार नाही ना, एवढं बघून निघणारी फार थोडी. आणि या पपीवर बँकेचं काम करू नका, व्हिडिओ अडखळेल, हेही तुम्ही स्वतःहून सांगितलंत. आपल्याच आवडत्या गोष्टीतली उणीव अशी आधी कोण सांगतं?

इकडे सगळं ठीक. पपीत एका टिचकीत फाइल उघडते, अण्णांचा हात दोनदा मारायला सरावलेला, त्यामुळे प्रत्येक आठवण दोनदा उघडते. एक बंद करतात आणि दुसरीत पुढे लिहितात. तुमच्यावरही एक पान झालंय, मला वाचू दिलेलं नाही.

पेनड्राइव्ह परत न्यायचा राहिलाय तुमचा. मागितलात तर नवा घेऊन देईन. हा मिळणार नाही.

तुमचा,
अण्णांचा मुलगा