सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या बाबांस

बाबा, सप्रेम नमस्कार.

त्या गडबडीत तुमचं नाव-गाव विचारायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. शहाद्याकडच्या कोणाच्या नजरेस पडलं तर ते तुम्हाला वाचून दाखवतील.

दत्तजयंतीच्या यात्रेत मी वरातीची घोडी घ्यायला आलो होतो. त्याआधीच्या पावसाळ्यात आमची राणी पोटशुळाने एका रात्रीत गेली. घोड्याला उलटी करता येत नाही. पहाटेपर्यंत तिला फिरवत होतो, डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं. विमा नव्हता. पुढच्या महिन्यात काढू, पुढच्या महिन्यात काढू, असं मीच करत राहिलो. यंदा आईच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे केले होते.

ती नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र, घोडी हलगीवर काय सुंदर नाचत होती! उंची ६२ इंच, वय सहा वर्षं म्हणून सांगितलेलं. भाव ठरवायला रुमालाखाली दलालाच्या हातात माझी बोटं होती, तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "भाऊ, आज नको. उद्या पहाटे ये, घोडी गार असताना बघ."

पहाटे तुम्ही माझ्याआधी हजर. गुडघ्याखालच्या नळ्या चाचपल्यात, खूर उचलून वास घेतलात, मग कडक रस्त्यावर तिला दुडकी चालवायला लावलीत. डावा पाय टेकला की तिची मान वर जायची. पुढचा पाय दुखत असला की घोडं असंच भार चुकवतं, हे तुम्ही मला तिथेच दाखवलंत. मग वरचा ओठ उचललात. कडेच्या पुढच्या दातावर तपकिरी खाच, अर्ध्या दातापर्यंत उतरलेली. ही खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते आणि मध्यावर यायला पंधरावं उजाडतं. मी आजवर शुभ-अशुभासाठी अंगावरचे केसांचे भोवरे तेवढे बघत आलो होतो. तुम्ही दलालाला एक शब्द बोलला नाहीत. घोडीच्या मानेवर थाप मारलीत आणि म्हणालात, "चल, पुढची बघू."

पुढची म्हणजे आजची आमची गौरी. उंचीला कमी, पण ढोल-ताशाजवळ नेली तरी कान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. तरी तुम्ही सौदा करू दिला नाहीत. आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल मागा म्हणालात. तो रोग माणसालाही होतो आणि निघाला तर जनावर मारावंच लागतं. शिवाय ती रोज काय खाते ते विचारून चार दिवसांचा तोच चारा-दाणा बरोबर न्यायला लावलात. दाणा एकदम बदलला की पोट धरतं, हे राणीच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर!

माझ्या भावाने हंगामापुरती भाड्याने घोडी घेण्याचं काढलं, तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नाल, औषधपाणी आणि विमा कोणाकडे, घोडी मेली तर नुकसान कोणाचं, एवढं कागदावर घे म्हणालात. तो आता तसंच करतोय.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत विमा काढला. सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विम्यात घोडे-खेचरंही बसतात आणि २०२४ पासून हप्त्यात पशुपालकाचा वाटा १५ टक्के केलाय, हे आमच्या पशुवैद्यक दवाखान्यात कळलं. पॉलिसी फक्त मृत्यूची आहे की कायमच्या अपंगत्वाचीही, हे तुमच्या सांगण्यावरून आधी विचारलं. पाय मोडलेली घोडी जिवंत असते, पण वरातीला उभी राहत नाही. बाजार समितीची पावती, डॉक्टरांचा दाखला आणि गौरीचे दोन्ही बाजूंचे फोटो आईने देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवलेत.

या लग्नसराईत गौरीने एकवीस वराती केल्या. पाटल्या सोडवल्या, बाबा. त्या पहाटे पैसे द्यायला गेलो तर तुम्ही फक्त चहा घेतलात, तोही अर्धा.

येत्या दत्तजयंतीला गौरीला घेऊन एकमुखी दत्ताच्या दर्शनाला येतोय. आईही येणार आहे. त्याच तंबूपाशी थांबू.

तुमचा,
नुकरा घोडीवाला भाऊ