रेकॉर्डरची हार्ड डिस्क आणि खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीच्या रेकॉर्डरला जोडायची बाह्य हार्ड डिस्क कशी निवडावी, याबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जितकी मोठी आणि जितकी वेगवान, तितकी चांगली, असा त्याचा एकूण सूर होता. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि रेकॉर्डर दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. असाच सल्ला ऐकून घेतलेल्या डिस्क माझ्या टेबलावर नेहमी येतात. तपासल्यावर कळतं की डिस्क ठणठणीत आहे, रेकॉर्डरही ठणठणीत आहे, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नाही. गिऱ्हाइकाला मात्र आपण फसवले गेलो असं वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही, कारण त्याला जे कळायला हवं होतं ते दोन्हींपैकी एकाही खोक्यावर छापलेलं नव्हतं.

आधी वेगाचं बोलते, कारण त्यात फारसं काही नाही. एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिट धरला, तर तो १ मेगाबाइट होतो. दोन कार्यक्रम रेकॉर्ड होत असताना आपण तिसरा जुना कार्यक्रम पाहत बसलो, तरी डिस्कवर सेकंदाला ३ मेगाबाइटचं काम पडतं. जुना यूएसबी २.० पोर्टसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास माहिती नेतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी साधी डिस्क याहून कितीतरी जलद लिहिते. म्हणजे ७२०० फेऱ्यांची डिस्क घेऊन टीव्हीवरच्या चित्रात काडीचाही फरक पडत नाही. वाढते ती उष्णता, आणि रात्री शांत खोलीत ऐकू येणारी घरघर.

क्षमतेचा हिशेबही सोपा आहे. याच दराने एका तासाला ३.६ गिगाबाइट लागतात, म्हणजे १ टेराबाइटमध्ये पावणेतीनशे तासांच्या आसपास रेकॉर्डिंग मावतं. एवढं साठवून पाहणारी घरं थोडीच. तरीही ४ टेराबाइट घ्यायची असेल तर आधी रेकॉर्डरची माहितीपुस्तिका उघडावी. डिस्कवर कोणता भाग कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या विभागणी-तक्त्यात ३२ बिटांचा आकडा आणि ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे मोजण्याचा सगळ्यात छोटा कप्पा, असतो, त्यामुळे तो २.२ टेराबाइटच्या पुढचं मोजूच शकत नाही. असा रेकॉर्डर मोठी डिस्क एक तर नाकारतो, नाहीतर तिचा एक तुकडाच वापरतो.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं खरं मूळ बहुतेक वेळा विजेत असतं, आणि खोक्यावर न छापलेली पहिली गोष्ट हीच. हातात मावणारी अडीच इंची डिस्क वेगळ्या अ‍ॅडॉप्टरशिवाय, थेट यूएसबीतून वीज घेते. नियमाप्रमाणे यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात आणि यूएसबी ३.० पोर्टने ९००. पण थांबलेली चकती फिरवायला सुरुवात करताना अशा डिस्कची मोटर क्षणभर १ अँपिअरच्या आसपास मागू शकते. पोर्ट तेवढं देऊ शकला नाही की डिस्क टिक-टिक करते, पडद्यावर ‘डिस्क सापडली नाही’ असं येतं, मग सापडते, मग पुन्हा नाहीशी होते. लोक डिस्क बदलून आणतात आणि नवीही तशीच वागते. लांब, बारीक केबल असेल तर तिच्यातच व्होल्टेज पडतं आणि त्रास आणखी वाढतो. डिस्कसोबत आलेली आखूड केबल कपाटात ठेवून लांब केबल लावलेली मी अनेक घरांत पाहिली आहे, ती काढून आखूड लावली की काही वेळा एवढ्यावरच काम भागतं.

स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क हा यावरचा पक्का उपाय. ती १२ व्होल्टवर चालते आणि रेकॉर्डरच्या पोर्टवर मोटरचा भार टाकत नाही. मात्र तिचं बटण बघून घ्या. डिस्क ज्या डब्यात बसवलेली असते, त्यांपैकी काहींना खटका असतो, तो चालू केला की चालूच राहतो. बाकीच्यांना नुसतं दाबायचं बटण असतं. वीज जाऊन आली की रेकॉर्डर आपोआप जागा होतो, पण दाबायच्या बटणाची डिस्क कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत बंदच राहते. घरी कोणी नसताना लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग असं चुकतं, आणि दोष रेकॉर्डरच्या माथी येतो.

झोपेचंही तसंच. अनेक बाह्य डिस्क काही मिनिटं काम नसलं की चकती थांबवतात. संगणकाला त्याची सवय असते, तो थांबतो. काही रेकॉर्डर थांबत नाहीत. चकती पुन्हा वेग घेईपर्यंत कार्यक्रमाची सुरुवात निघून जाते किंवा अख्खं रेकॉर्डिंगच रद्द होतं. ही झोपेची वेळ बदलता येते, पण पुष्कळदा ती डिस्क-कंपनीच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममधूनच, रेकॉर्डरमधून नाही. डिस्क रेकॉर्डरला लावण्याआधी हे काम उरकून घ्यावं. का, ते पुढे येतंच.

दुसरी न छापलेली गोष्ट म्हणजे डिस्क कोणत्या कामासाठी बनवली आहे. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून मागे नेण्याची सोय आपल्याला आवडते. पण त्यासाठी रेकॉर्डर चालू असेल तितका वेळ काही ना काही लिहीतच असतो, आपण ‘रेकॉर्ड’ दाबलं असो वा नसो. हे लिखाण बाहेरच्या डिस्कवर जात असेल, तर एका वाहिनीचे दिवसाला ८६ गिगाबाइट होतात आणि वर्षाला ३१ टेराबाइटच्या वर. वाहिनी पकडणारे दोन ट्यूनर असे चालले तर साठी ओलांडते. डेस्कटॉप संगणकासाठी बनवलेल्या काही डिस्कच्या तांत्रिक पत्रकात वर्षाला ५५ टेराबाइट आणि २४०० तास असं काम गृहीत धरलेलं असतं. निगराणी कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्कच्या पत्रकात १८० टेराबाइट आणि चोवीस तास, वर्षभर. टीव्ही रेकॉर्डरचं काम या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जातं. शिवाय त्या डिस्कचं आतलं सॉफ्टवेअर एखादा बिट नीट वाचता आला नाही तर त्यावर अडून बसत नाही, पुढे जातं. चित्रात एखादा ठिपका हलला तर चालतो, चित्र थांबलेलं चालत नाही. म्हणून रोज तासन्‌तास रेकॉर्डर चालणाऱ्या घराला मी निगराणीची साडेतीन इंची डिस्क आणि तिच्यासाठी खटक्याचा वेगळा डबा घ्यायला सांगते. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्याला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट लिहिण्याच्या पद्धतीची. एसएमआर नावाच्या पद्धतीत चकतीवरचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. कोऱ्या डिस्कवर हे जाणवत नाही. डिस्क भरत आली, अधूनमधून कार्यक्रम पुसले गेले, त्यात दोन रेकॉर्डिंग एकदम चालू झाली की ती मध्येच अडखळते आणि चित्र तुटतं. बाजारातल्या अडीच इंची डिस्कपैकी बहुतेक आता याच पद्धतीच्या आहेत. काही कंपन्या ही पद्धत न सांगताच वापरत होत्या, हे २०२० मध्ये उघड झालं. ग्राहकांनी आवाज उठवल्यावर कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं, याच्या याद्या त्यांना प्रसिद्ध कराव्या लागल्या. मागितलं की माहिती मिळते, याचा हा चांगला दाखला आहे.

पेन ड्राइव्ह या कामाला लावू नये. सततच्या लिखाणात तो तापतो, मंदावतो आणि लवकर मरतो. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, लिहून लिहून लवकर संपेल ही भीती मात्र अनाठायी आहे. १ टेराबाइटच्या चांगल्या एसएसडीला ६०० टेराबाइट लिखाणाची हमी मिळते, वरच्या हिशेबाने ती एका वाहिनीला अनेक वर्षं पुरेल. तिच्यात मोटर नसल्याने सुरुवातीचा तो झटकाही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले, ती सांगते.

पुष्कळ रेकॉर्डर डिस्क जोडल्यावर ती स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात. त्यावर आधीचं जे काही असेल ते जातं. नंतर प्रत्येक रेकॉर्डिंग कूटबद्ध होऊन लिहिलं जातं, आणि ते उघडण्याची किल्ली त्या एका बॉक्सच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या, चिपमध्ये असते. तोच ब्रँड, तेच मॉडेल, पण दुसरा बॉक्स असला तरी ते उघडत नाही. अशी डिस्क संगणकाला लावली तर त्याला ती ओळखता येत नाही, तो ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो, आणि घाईत ‘हो’ दाबलं की होतं नव्हतं ते गेलं. सगळेच रेकॉर्डर असे नसतात. निःशुल्क वाहिन्यांसाठीचे काही रिसीव्हर साधी फाइल लिहितात, ती कुठेही चालते. पण कोणता रेकॉर्डर कसा, हे विकत घेताना बाहेरून कळत नाही.

माझ्याकडे एक वयस्क गृहस्थ आले होते. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्यांच्या पत्नी समूहगानात गायल्या होत्या. नंतर त्या गेल्या. कार्यक्रम डिस्कवर जपून ठेवलेला होता, आणि रेकॉर्डरचा मुख्य बोर्ड जळला. डिस्क मी तपासली, एकही सेक्टर खराब नव्हता. बोर्डावरच्या त्या चिपमधून मात्र काहीच वाचता येईना. “डिस्क चांगली आहे म्हणताय ना, मग दाखवा की,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना किल्लीचं गणित समजावून सांगणं मला फार जड गेलं. डिस्क विकत घेताना एका ओळीची सूचना मिळाली असती, तर त्यांनी त्या कार्यक्रमाची प्रत वाहिनीकडे वेळेवर मागितली असती.

व्हीएचएसची कॅसेट १९७६ मध्ये आली. या घरची कॅसेट त्या घरच्या यंत्रात चालायची. घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम टेप करणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. आज चित्र कितीतरी स्वच्छ आहे, साठा कितीतरी मोठा आहे, आणि जपून ठेवणाऱ्याचा त्यावरचा ताबा कमी झाला आहे. कार्यक्रम बनवणाऱ्यांनाही आपला माल राखायचा असतो, हे मला मान्य आहे. पण कुलूप लावणार असाल तर ते कुठे आहे हे आधी सांगा. आणि बोर्ड जळाला, तर त्याच ग्राहकाच्या बदली बॉक्समध्ये किल्ली नेण्याची सोय दुरुस्ती केंद्रात ठेवा. ग्राहकाची नोंद कंपनीकडे असतेच.

रेकॉर्डरच्या खोक्यावर मला चार गोष्टी छापलेल्या हव्या आहेत: पोर्ट किती मिलिअँपिअर देतो, जास्तीत जास्त किती टेराबाइट चालतात, चालू कार्यक्रम थांबवण्याचं लिखाण बाहेरच्या डिस्कवर जातं का, आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या यंत्रावर उघडतं का. डिस्कच्या खोक्यावर तीन: लिहिण्याची पद्धत, वर्षाला किती काम झेपतं, आणि मोटर सुरू होताना किती वीज लागते. यातलं काहीही गुपित नाही. बनवणाऱ्या अभियंत्यांकडे हे सगळे आकडे असतातच.

तोपर्यंत आपल्या पुरवणीत रेकॉर्डरचं किंवा डिस्कचं परीक्षण छापताना कंपन्यांना निदान दोन प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे: पोर्टची वीज किती, आणि बॉक्स बिघडला तर रेकॉर्डिंगचं काय होतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, तर तेही छापावं.

आपली विश्वासू,
टीव्ही-रेकॉर्डर दुरुस्त करणारी एक वाचक