विषय: 'पेस्ट फ्री' रॉक आणि तुमच्या हेल्पलाइनने मारायला लावलेले स्पंज

नमस्कार,

जूनमध्ये मी माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी तुमच्याकडून ८ किलो कल्चर्ड रॉक मागवला होता, बिलाचा फोटो सोबत जोडलाय. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (मेलेल्या प्रवाळाचे, जीव वसलेले दगड) मला नकोच होता, प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि मला तो उद्योग करायचा नाही, म्हणून मुद्दाम कृत्रिम रॉक घेतला, वर तुम्ही 'आमच्याच टँकमध्ये मुरवलेला, १०० टक्के पेस्ट फ्री', म्हणजे सोबत एकही उपद्रवी जीव नाही, असं लिहिलेलं, म्हणून दीडपट पैसेही दिले.

रॉक टाकल्यावर साधारण तीन आठवड्यांनी सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत), जिथे उजेड पोचत नाही तिथे, पांढरे ठिपके दिसायला लागले. तांदळाच्या दाण्याएवढे, वरच्या टोकाला बारीक केसांची झालर. घाबरलो, लगेच तुमच्या हेल्पलाइनला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. पाच मिनिटांत उत्तर. 'ही पॅरासाइटची अंडी आहेत सर, आमची कॉपरची बाटली टाका.' कॉपर म्हणजे तांब्याचं औषध, ८५० रुपये. त्याच फोटोत कोपऱ्यात रॉकवर तपकिरी, काचेसारखं अर्धपारदर्शक, लांब हातांचं काहीतरी होतं, त्याबद्दल विचारलं तर म्हणे 'लकी आहात, फ्री अॅनिमोनी आलाय बोनसमध्ये', म्हणजे समुद्रफूल.

आता खरं काय ते सांगतो. अंडी वगैरे काही नव्हती, ते सायकॉन स्पंज होते. हे मला कोणी एक्स्पर्टने नाही सांगितलं, माझ्या दहावीतल्या मुलीने सांगितलं, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात रंध्रीय प्राण्यांच्या उदाहरणात पहिलंच नाव सायकॉन आहे. अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं खायचं ते गाळून घ्यायचं आणि वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर सोडायचं, एवढाच त्यांचा धंदा. कोणाला चावत नाहीत, डसत नाहीत, नव्या टँकमध्ये भराभर वाढतात आणि बऱ्याचदा काही महिन्यांनी आपोआप कमी होतात. पण ती क्लासवरून घरी येईपर्यंत मी बाटली ओतून बसलो होतो, चूक माझीही आहे, पण विश्वास तुमच्यावर ठेवला होता.

कॉपर माशांच्या रोगावर चालतं, पण तेही वेगळ्या टँकमध्ये. रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या टँकमध्ये, पाठीचा कणा नसलेल्या सगळ्यांना ते विष आहे. हे तुमच्या माणसाला माहीत नसेल तर तो त्या खुर्चीत बसतो कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही क्लीनर श्रिम्प आडवे, चार टर्बो गोगलगायी काचेवरून खाली पडलेल्या, हर्मिट क्रॅब शंखाबाहेर. रात्री टॉर्च मारल्यावर काचेवर उड्या मारणारे कोपेपॉड (इवलेसे कवचधारी जीव) दिसायचे ना, त्यांचा पत्ताच नाही. क्लाउनफिश तेवढे वाचले. तीन दिवस ऑफिसातून आल्यावर मध्यरात्रीपर्यंत मीठ कालवून पाणी बदलत होतो आणि कार्बन टाकत होतो, तरी रॉकमध्ये मुरलेलं कॉपर पुढे किती दिवस पाण्यात उतरत राहील ही धास्ती आहेच.

आणि तो बोनस? तो ऐप्टेशिया निघाला, उपद्रवी जातीचं समुद्रफूल. रीफ ठेवणारा कोणीही झोपेतसुद्धा ओळखेल असा. शेजारच्या कोरलला डसतो, माझी अर्धी झोआंची (बटणासारख्या छोट्या कोरलची) वसाहत मिटून गेली होती. पुन्हा हेल्पलाइनला फोन केला तर 'ब्रशने घासून काढा' म्हणाले. काढला. तळाचा एवढासा तुकडा चिकटून राहिला तरी त्यातून नवीन उगवतो हो, एकाचे सात झाले. कॉपर पडल्यावर दोन दिवस मिटून बसले, पाणी बदललं तसे परत उघडले. म्हणजे निरुपद्रवी होते ते मेले आणि जो खरा उपद्रवी, तो मजेत आहे.

माझं म्हणणं असं नाही की रॉकवर एकही जीव यायला नको. उलट ब्रिसल वर्म आले तेव्हा मी तक्रार केली नाही, हाताला काटे टोचले तरी ठेवले, उरलेलं खाऊन साफ करतात म्हणून. पण मग 'पेस्ट फ्री' लिहू नका, 'सोबत काय येईल सांगता येत नाही' असं लिहा, मी तरीही घेतला असता.

मला रॉकचे आणि बाटलीचे पूर्ण पैसे परत हवेत, श्रिम्प, गोगलगायी आणि हर्मिट क्रॅबची भरपाई हवी, आणि कॉपरच्या बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात 'रीफ टँकमध्ये टाकू नये' असं छापा. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक आयोगात जाणार, चॅटचे सगळे स्क्रीनशॉट आहेत.

ता. क. काल ओव्हरफ्लोच्या डब्यात (जिथून टँकचं पाणी सम्पमध्ये उतरतं) मागच्या बाजूला दोन पांढरे ठिपके परत दिसले. या वेळी तुमच्या हेल्पलाइनला फोटो पाठवणार नाहीये.

तुमचा (अजून तरी) ग्राहक